चार पंखांची माशी

केंब्रिजचा प्राणिशास्त्रज्ञ विल्यम बेटसन याने १८९४ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘मटेरियल्स फॉर द स्टडी ऑफ व्हेरिएशन’ हे त्याचे नाव. ग्रंथ कसला, नमुन्यांची वखारच ती. एकामागून एक क्रमांक घातलेल्या ८८६ नोंदी, आणि त्यांतल्या बहुतेक ‘बिघडलेल्या’ प्राण्यांच्या. मानेच्या मणक्याला फुटलेली बरगडी, हाताला आलेली जास्तीची बोटे, पायाच्या जागी पंखासारखे काहीतरी घेऊन आलेला पतंग. सॉफ्लाय जातीच्या एका कीटकाची नोंद मला सर्वांत विलक्षण वाटते. या कीटकाची एक मिशी टोकापर्यंत नीट वाढली होती आणि टोकाला मात्र तिचे पाऊल झाले होते.

बेटसनने या नोंदींची दोन गटांत वाटणी केली. काही प्राण्यांत अवयवांची संख्या कमीजास्त झालेली होती. दुसऱ्या गटात संख्या तीच, पण एका अवयवाने दुसऱ्याचे रूप घेतलेले. या दुसऱ्या प्रकाराला त्याने ‘होमिऑसिस’ असे नाव दिले. मराठीत मी त्याला ‘अंगपालट’ म्हणेन. त्या मिशीवरच्या पावलाबद्दल ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की ते चुकीच्या जागी होते, पण पाऊल म्हणून त्यात काही चूक नव्हती. ते वेडेवाकडे मांस नव्हते. पाऊल कसे करायचे हे त्या पेशींना पक्के ठाऊक होते. आपण कुठे आहोत याबद्दल मात्र त्यांचा गोंधळ झाला होता.

मी जन्मभर जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवले. बेटसनचा ग्रंथ सावकाशीने चाळायला सवड मिळाली ती निवृत्तीनंतर. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत दर आठ-पंधरा दिवसांनी अमक्याचा जनुक सापडला, तमक्याचा जनुक सापडला अशा बातम्या वाचत होतो. उंचीचा जनुक, लठ्ठपणाचा जनुक, बुद्धीचा जनुक. असे मथळे वाचून वाचकाच्या मनात एक चित्र तयार होते: नाकाचा एक जनुक, बोटांचा एक, आणि शरीर म्हणजे सुट्या भागांची यादी. बेटसनच्या त्या पावलापासून पुढच्या शंभर वर्षांत जे उलगडत गेले ते या चित्राच्या नेमके उलट आहे. तो इतिहास एका माशीभोवती फिरतो.

*

माशीकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे. वेगळ्या रूपाचे मूल जन्मले की माणूस कारण शोधतो, आणि ते बहुधा आईजवळ येऊन थांबते. आपल्याकडे गरोदर बाईने ग्रहण पाळायचे, त्या वेळात विळीवर भाजी चिरायची नाही, नाहीतर पोराचा ओठ फाटतो, हे अजूनही शिकल्यासवरल्या घरांत ऐकू येते. युरोप यात मागे नव्हता. गरोदरपणी आईने जे पाहिले, ज्याला ती भ्याली, त्याचा ठसा गर्भावर उमटतो असे तिथल्या वैद्यांचेही मत होते. १७२६ साली इंग्लंडमधल्या मेरी टॉफ्ट नावाच्या बाईने आपण सशांना जन्म दिल्याचे सांगितले, आणि राजाच्या पदरच्या शल्यवैद्याने काही काळ त्यावर विश्वास ठेवला. पुढे लबाडी उघडी पडली.

या समजुतीला प्रयोगाने उत्तर देणाऱ्या पहिल्या लोकांत पॅरिसचा एत्येन जॉफ्रॉय सँ-तिलेर येतो. नेपोलियनबरोबर इजिप्तला जाऊन आलेला हा प्राणिशास्त्रज्ञ उबवणीतल्या कोंबडीच्या अंड्यांना मुद्दाम इजा करी आणि पिले कोणत्या रूपाची निपजतात ते पाही. कोंबडीने काय पाहिले, ती कशाला भ्याली, याचा इथे प्रश्नच नव्हता. व्यंगालाही नियम असतात, ते स्वैर नसते, असे त्याचे म्हणणे. त्याचा मुलगा इझिदोर याने पुढे या अभ्यासाला ‘टेराटॉलॉजी’, म्हणजे व्यंगांचे शास्त्र, असे नाव दिले.

जॉफ्रॉयचा दुसरा दावा त्याहून धाडसी होता. सगळे प्राणी एकाच आराखड्यावर बांधलेले आहेत असे तो मानी. १८२२ साली त्याने एक लॉबस्टर उलटा, पाठीवर ठेवून दाखवला. आपल्या शरीरात मज्जारज्जू पाठीशी आणि पचनमार्ग पोटाशी असतो, तर कीटक-खेकड्यांत मज्जारज्जू पोटाकडून जातो. लॉबस्टर उलटा केला की मांडणी आपल्यासारखीच दिसते. १८३० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत या मतावरून त्याचा आणि जॉर्ज कुव्हिएचा जाहीर वाद झाला. प्राण्यांचे चार मूळ गट आहेत आणि त्यांच्यात कसलाही पूल नाही, असे कुव्हिए म्हणे. त्याच्याजवळ तपशिलाचे भांडार होते आणि बोलण्याची धार होती. वाद त्याने जिंकला असेच सर्वसाधारण मत पडले, आणि उलटा लॉबस्टर दीड शतकभर थट्टेचा विषय होऊन राहिला.

*

आता माशी. फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी ती चिलटे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गनने दुधाच्या बाटल्यांत ती पाळली आणि १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडल्यापासून तिथे आनुवंशिकीचे नवे युग सुरू झाले. आमच्या प्रयोगशाळेतही मक्याचे पीठ, गूळ, अगर आणि यीस्ट एकत्र शिजवून बाटल्यांत ओतायचे, कापसाचे बोळे लावायचे, आणि दहा-बारा दिवसांत नवी पिढी हजर. स्वस्त, भराभर वाढणारी आणि खोलीभर आंबूस वास पसरवणारी ही माशी विद्यार्थ्यांना प्रथम किळसवाणी वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे विटकरी डोळे पाहिले की मत बदलते.

माशीच्या छातीचे तीन खंड असतात. तिन्हींना पायांची एकेक जोडी. पंख मात्र फक्त मधल्या, दुसऱ्या खंडाला. तिसऱ्या खंडावर पंखांच्या जागी दोन लहान दांड्या असतात, टोकाला गोंडा असलेल्या. इंग्रजीत त्यांना ‘हॉल्टिअर’ म्हणतात. मी तोलक म्हणतो. उडताना ते थरथरतात आणि शरीर कुठे कलले याची बातमी माशीला देतात. ते काढून टाकले तर माशी धड उडू शकत नाही. १९१५ साली मॉर्गनचा सहकारी कॅल्व्हिन ब्रिजेस याला एक अशी माशी मिळाली की जिचा तोलक थोडासा पंखासारखा झाला होता. तिसरा खंड दुसऱ्याची नक्कल करू पाहत होता, म्हणून त्याने त्या बदलाला ‘बायथोरॅक्स’, दुहेरी छाती, असे नाव दिले. बेटसनचा अंगपालट आता बाटलीत आला होता, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालवता येत होता.

पण त्याचे पुढे काय करायचे ते कोणालाच सुचेना. मॉर्गन मुळातला भ्रूणशास्त्रज्ञ. १९३३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्याने ‘एम्ब्रिऑलॉजी अँड जेनेटिक्स’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात दोन्ही शास्त्रे आहेत, पण शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांसारखी; मधली भिंत तशीच. प्रत्येक पेशीत तेच सगळे जनुक असतील, तर एक पेशी डोळ्याची आणि दुसरी पायाची का होते, या प्रश्नाला हात कसा घालावा हे त्या काळी उमगत नव्हते. १९४० साली रिचर्ड गोल्डश्मिट या जर्मनीतून परागंदा झालेल्या शास्त्रज्ञाने अंगपालट हीच उत्क्रांतीची मोठी उडी असू शकेल असे मांडले. त्याने अशा प्राण्यांना जे नाव दिले त्याचा अर्थ ‘होतकरू राक्षस’ असा होतो. त्याची भरपूर टिंगल झाली. आणि बायथोरॅक्स पुन्हा कपाटातल्या कुतूहलांत जाऊन पडली.

*

ती तिथून बाहेर काढली एडवर्ड लुईसने. १९१८ साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या या माणसाने शाळेत असतानाच मित्राबरोबर माश्या मागवून पाळायला सुरुवात केली होती. १९४२ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे कॅल्टेकमध्ये, त्याने पीएच.डी. मिळवली, युद्धकाळात अमेरिकी सैन्यात हवामानतज्ज्ञ म्हणून काम केले, १९४६ साली कॅल्टेकला परतला आणि जन्मभर तिथेच राहिला. माश्या आणि बासरी. हा माणूस फारसे लिहीत नसे आणि जे लिही ते इतके दाट असे की जाणकारही दमत. त्याने मध्येच एक वेगळे काम केले, ते जाता जाता सांगतो. अणुस्फोटांतून होणाऱ्या किरणोत्साराचा आणि रक्ताच्या कर्करोगाचा संबंध त्याने १९५७ साली आकड्यांनिशी मांडला. किरणोत्साराची एक ठरावीक मात्रा ओलांडेपर्यंत काहीच धोका नाही, हे म्हणणे त्याला मान्य नव्हते. सरकारी वर्तुळांत ते फारसे रुचणारे नव्हते. मग तो आपल्या बाटल्यांकडे परतला.

त्याच्या लक्षात आले की बायथोरॅक्स हा एकटा बदल नाही. गुणसूत्रावर अगदी लगतच्या जागी असेच आणखी बदल आहेत, आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे. ‘बायथोरॅक्स’ने तिसऱ्या खंडाचा पुढचा अर्धा भाग पालटतो, ‘पोस्टबायथोरॅक्स’ने मागचा अर्धा. दोन्ही एकाच माशीत आणले तर? बोलायला सोपे. जागा इतक्या जवळ की हवी ती जुळणी हजारो माश्यांमध्ये एखाद्या वेळी घडणार. लुईस माश्या मोजत राहिला. शेवटी जी माशी त्याच्या हाती आली तिचे छायाचित्र आज जीवशास्त्राच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. तिला चार पूर्ण पंख आहेत.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. आपल्या मूर्तिकारांनी चतुर्भुज देव घडवले तेव्हा त्यांना प्रश्न पडलाच असेल की जास्तीचे हात कुठून काढायचे. बहुतेक ठिकाणी खांद्यामागून दुसरी जोडी येते; छाती एकच, हात चार. लुईसच्या माशीत तसे नाही. तिला पंखांची जास्तीची जोडी चिकटवलेली नाही. तिला दुसरी छातीच आली आहे. पाठीवरची ढाल, तिच्यावरची राठ केसांची नेमकी रांग, सगळे दुसऱ्यांदा. पंख हे त्या खंडाबरोबर आपसूक आले. म्हणजे बिघडला तो पंखाचा जनुक नव्हे. तिसऱ्या खंडाच्या पेशींना ‘तुम्ही तिसऱ्या’ असे सांगणारा जनुक बिघडला, आणि त्या स्वतःला दुसऱ्या समजून कामाला लागल्या.

सातबाराचा उतारा पाहिलेल्या वाचकाला हे लवकर उमजेल. नमुना सातवर जमिनीचा गट क्रमांक आणि तिच्यावर कोणाचा हक्क याची नोंद असते. तिच्यात काय पिकते ते नमुना बारावर. गट क्रमांकाला ज्वारी कशी पेरायची हे ठाऊक नसते. पण क्रमांकांची अदलाबदल झाली तर एकाच्या वावरात दुसऱ्याचा नांगर फिरायला वेळ लागत नाही. लुईसने हाताळलेले जनुक नमुना सातचे होते.

१९७८ साली ‘नेचर’मध्ये त्याचा जो निबंध आला त्यात तीस-बत्तीस वर्षांचे काम सहा पानांत आहे. त्याने हा सगळा जनुकसमूह काढून टाकलेल्या अळ्या तपासल्या. त्या अंड्यातच मरतात, पण मरण्याआधी त्यांच्या अंगावरचे खंड दिसतात. छातीच्या दुसऱ्या खंडापासून मागचे जवळजवळ सगळे खंड एकमेकांसारखे झाले होते: दुसरा, दुसरा, दुसरा, दुसरा. मग एकेक जनुक परत घातला की मागचे मागचे खंड आपापली ओळख मिळवू लागत. आणि सर्वांत चकित करणारी गोष्ट: गुणसूत्रावर या जागा ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने त्या शरीराचे पुढून मागे नियमन करतात. शरीराचा नकाशा गुणसूत्रावर ओळीने मांडलेला असावा, असे त्याआधी कोणी म्हटले असते तर त्याला भाबडे ठरवले गेले असते.

त्याच १९७८ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला क्रिस्टियान न्युस्लाइन-फोल्हार्ड आणि एरिक व्हीशाउस यांनी प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. लुईसचे जनुक खंडांना ओळख देतात. पण मुळात खंड पडतात कसे? दोघे एका अशा सूक्ष्मदर्शकापाशी बसत की ज्यातून दोघांना एकाच वेळी तीच अळी दिसे. रसायनाने माश्यांत बदल घडवायचे आणि हजारो कुळांच्या मेलेल्या अळ्या तपासायच्या. त्यांच्या १९८० च्या निबंधात असे १५ जनुक आहेत. काहींच्या अभावी अंगाचा मोठा तुकडा गळतो, काहींच्या अभावी एकाआड एक खंड, काहींच्या अभावी प्रत्येक खंडाचा एक भाग. आधी ढोबळ, मग बारीक. वावराचे आधी मोठे तुकडे, मग वाफे, मग सऱ्या. लुईस आणि हे दोघे यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. लुईसच्या नोबेल व्याख्यानाचा विषय बायथोरॅक्स समूहाची ‘पहिली पन्नास वर्षे’ हा होता. त्यातल्या ‘पहिली’ या शब्दावर मी बराच वेळ थांबलो होतो.

*

हे सगळे झाले माशीचे. त्याचा आपल्याशी काय संबंध? १९६३ साली अर्न्स्ट मायर या थोर उत्क्रांतिशास्त्रज्ञाने लिहिले होते की जवळचे नातेवाईक सोडले तर वेगवेगळ्या प्राण्यांत तोच जनुक शोधत बसणे निष्फळ आहे. मायरचे म्हणणे त्या काळाला धरूनच होते. कोट्यवधी वर्षांत निवडीने सगळे काही बदलून टाकले असणार, असा तो हिशेब.

१९८४ साली तो हिशेब कोलमडला. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला वॉल्टर गेहरिंगच्या प्रयोगशाळेत, आणि त्याच सुमारास अमेरिकेत इंडियानातही, असे आढळले की माशीच्या अंगपालटाच्या जनुकांत १८० अक्षरांचा एक तुकडा जवळजवळ सारखा आहे. त्याला ‘होमिओबॉक्स’ म्हणतात. बेटसनने नव्वद वर्षांपूर्वी घडवलेला शब्द असा परत आला. बाझेलच्या लोकांनी मग इतर प्राण्यांच्या डीएनएत हा तुकडा शोधला. बेडकात सापडला. उंदरात सापडला. माणसात सापडला. या जनुकांना आता ‘हॉक्स’ म्हणतात. माशीत ते आठ आहेत. आपल्यात ३९, चार समूहांत वाटलेले, आणि प्रत्येक समूहातला क्रम तोच, डोक्याकडून मागे. १९९० साली उंदराचा एक हॉक्स जनुक माशीत घातला तेव्हा तिच्या मिशांच्या जागी पाय आले. पाय माशीचेच हं, उंदराचे नव्हेत. १९९५ साली गेहरिंगच्याच प्रयोगशाळेत डोळ्याशी संबंधित असा उंदराचा जनुक माशीच्या भलत्या जागी चालू केला, तर तिथे डोळे उगवले. तेही माशीचे, जाळीदार. पत्ता सांगणारा उंदीर, पीक माशीचे.

आणि जॉफ्रॉय? त्याचा लॉबस्टरही परत आला. बेडकात पाठीकडची बाजू ठरवायला मदत करणारे एक प्रथिन आहे आणि माशीत त्याचेच भावंड पोटाकडच्या बाजूला काम करते, असे १९९५-९६ च्या सुमारास दिसून आले. एकाचे दुसऱ्यात घातले तरी चालते. दोन्ही प्राण्यांत मज्जारज्जू येतो तो त्याच रेणूच्या बाजूला. म्हणजे आपल्या आणि माशीच्या समाईक पूर्वजानंतर कुठेतरी एका शाखेने खरोखरच कूस पालटली. कुव्हिएचे प्राण्यांच्या रचनेचे ज्ञान वादातीत होते. पण मला जॉफ्रॉयबद्दल अधिक ममत्व वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

*

‘अमक्याचा जनुक’ या भाषेवर खरा घाव पडतो तो पुढच्या तपशिलाने. लुईसने त्या समूहात निदान आठ जनुक असावेत असे अनुमान केले होते. १९८५ साली माद्रिदच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की प्रथिन तयार करणारे जनुक तिथे तीनच आहेत. मग बायथोरॅक्स आणि पोस्टबायथोरॅक्स कोण? ते जनुक नव्हेतच. ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ नावाच्या एका जनुकाच्या त्या कळा आहेत, दिव्याच्या बटणांसारख्या. एक बटण खंडाच्या पुढच्या भागात तो जनुक चालू करते, दुसरे मागच्या भागात. तीन लाख अक्षरांच्या त्या पट्ट्यात बटणेच जास्त, दिवे थोडे.

शिवाय अल्ट्राबायथोरॅक्स हा ‘तोलकाचा जनुक’ही नव्हे. फुलपाखराच्या मागच्या पंखांतही तो चालू असतो आणि तिथे चांगला मोठा, रंगीत पंख होतो. एल. एस. शशिधरा यांच्या गटाने आधी हैदराबादच्या सीसीएमबीत आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये याच प्रश्नावर काम केले: हा एकच जनुक माशी, मधमाशी आणि रेशीमकिडा यांच्यात कोणकोणत्या इतर जनुकांना हात लावतो, आणि माशीत नेमके काय बदलले म्हणून पंखाचा तोलक झाला? गट क्रमांक तोच; पण कुठे ऊस उभा आहे, कुठे हरभरा.

बटण बिघडले की काय होते याचे माणसातले उदाहरण बोटांचे आहे. ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचा जनुक भ्रूणाच्या हाताला करंगळी कुठे आणि अंगठा कुठे ते समजायला मदत करतो. त्याचे हातापायांपुरते बटण जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे लांब आहे. त्या बटणातले एक अक्षर बदलले तर सहावे बोट येऊ शकते. अमेरिकेतल्या की वेस्टला लेखक हेमिंग्वे यांच्या घरी सहा बोटांच्या मांजरांचा जो गोतावळा आहे, त्यांच्यातही बदल याच बटणात सापडला. २०१६ साली उंदरातले हे बटण काढून त्या जागी अजगराचे घातले, तेव्हा उंदरांना धड पाय फुटले नाहीत; जनुक जसाच्या तसा होता. आपल्याकडे सहा बोटांचा माणूस नशीबवान म्हणतात. फाटक्या ओठाच्या मुलाला मात्र तसे कोणी म्हणत नाही, आणि त्याच्या आईला तर नाहीच.

या जनुकाच्या नावाचीही कथा आहे. माशीवाल्यांना गमतीदार नावे ठेवायची खोड. एका जनुकाच्या अभावी अळी काट्याकाट्यांची दिसते म्हणून त्याला ‘हेजहॉग’, साळिंदरासारख्या काटेरी प्राण्याचे नाव. पुढे पृष्ठवंशीय प्राण्यांत त्याची भावंडे सापडली तेव्हा एकाला व्हिडिओ गेममधल्या पात्राचे नाव मिळाले. प्रयोगशाळेत हसू आले असेल. पण त्याच जनुकातल्या बिघाडाने काही बालकांच्या मेंदूचे दोन भाग वेगळे होत नाहीत, चेहरा मधोमध जुळून येतो. आईवडिलांसमोर बसलेल्या डॉक्टरला ते नाव उच्चारावे लागते. मला ही थट्टा अस्थानी वाटते.

त्याच बिघाडाचे एक रूप अमेरिकेतल्या आयडाहोच्या मेंढपाळांनी पाहिले होते. १९५० च्या दशकात तिथे कपाळावर एकच डोळा असलेली कोकरे जन्माला येऊ लागली. सरकारी शास्त्रज्ञ कळपांबरोबर राहिले आणि वर्षानुवर्षांच्या तपासानंतर कारण सापडले: डोंगरातली एक रानवनस्पती. मेंढीने ती गाभणपणाच्या साधारण चौदाव्या दिवशी खाल्ली तर कोकरू एकाक्ष होते. काही दिवस मागेपुढे खाल्ली तर नाही. वनस्पतीतल्या द्रव्याला ‘सायक्लोपामिन’ नाव मिळाले. ते काय बिघडवते हे १९९० च्या दशकाअखेरीस उलगडले: हेजहॉगचा निरोप पोचवणारी साखळी ते तोडते. काही कर्करोगांत हीच साखळी नको तेव्हा चालू राहते. त्या धाग्यावरून पुढे त्वचेच्या एका कर्करोगावरचे औषध तयार झाले आणि २०१२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आईच्या पोटात काय गेले याला कधी कधी खरेच महत्त्व असते, ते असे: ठरावीक द्रव्य, ठरावीक दिवस, ठरावीक रेणू. विळीचा त्यात कुठेही संबंध नाही, आणि दोष मेंढीचाही नाही.

*

चार पंखांच्या माशीकडे एकदा परत जायला हवे, कारण तिच्याबद्दल सर्वांत साधा प्रश्न विद्यार्थी विचारत आणि तोच सर्वांत चांगला होता: सर, ती दुप्पट जोराने उडते का? नाही. ती नीट उडतही नाही. तोलक गेले ते एक कारण. दुसरे कारण शोधणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक होते. ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ पासून कुलाब्याच्या त्या संस्थेत रेणवीय जीवशास्त्राची जी शाखा वाढवली, तिथून भारतातल्या माशीच्या अभ्यासाची एक मोठी परंपरा निघाली. त्या परंपरेतले जॉइस फर्नांडिस आणि के. विजयराघवन यांनी १९९४ साली चार पंखांच्या माशीच्या स्नायूंवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांत स्वतः लुईसही आहे.

कातडीचा अंगपालट पूर्ण झालेला. ढाल दुसरी, केस दुसरे, पंख दुसरे. पण त्या दुसऱ्या छातीच्या आत उड्डाणाचे स्नायू हवे तसे भरलेले नाहीत. स्नायूंचा पालट अर्धवटच राहतो. स्नायूंच्या पेशी वेगळ्या थरातून येतात. त्या आपला पत्ता काही अंशी बाहेरच्या कातडीकडून घेतात आणि काही अंशी स्वतःजवळचा वापरतात. लुईसने बदललेली बटणे कातडीच्या थरातली होती. त्यामुळे माशीच्या पाठीवर दुसरे पंख पूर्ण वाढलेले, पारदर्शक, शिरा न्‌ शिरा जागेवर असलेले दिसतात, आणि ते हलवायला आत पुरेसे कोणी नसते.